चंद्रा, हबल आणि ॲस्ट्रोसॅटचा खरा डेटा घरी बसून कसा बघायचा

अवकाशातले रंगीबेरंगी फोटो आपण सगळेच ग्रुपवर फॉरवर्ड करतो, पण त्या फोटोमागची मूळ फाइल कुणालाही फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर उघडते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि एक्स-रेच्या बाबतीत तर फोटोपेक्षा फाइलच जास्त मजेशीर आहे, कारण फोटोत कुणीतरी आधीच ठरवून टाकलेलं असतं की कुठल्या गोष्टीला कुठला रंग द्यायचा, काय उजळ करायचं, काय दाबायचं. फाइल हातात आली की हे सगळं तुम्ही ठरवायचं. दुर्बीण नको, डिग्री नको, बारावीचं फिजिक्स थोडंफार आठवत असेल तर बरं, नसेल तरी अडत नाही, धीर मात्र लागतो.

पहिल्या दिवशी काहीही इन्स्टॉल करू नका. ब्राउझरमध्ये ईसास्काय उघडा, युरोपियन स्पेस एजन्सीचं टूल आहे, लॉगिन वगैरे लागत नाही. सर्चमध्ये कॅस ए टाका, इंग्रजीत. हा शर्मिष्ठेतला सुपरनोव्हाचा, म्हणजे स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्याचा, अवशेष, साधारण ११,००० प्रकाशवर्षं लांब, आणि त्याचा स्फोट आपल्याकडून दिसायला हवा होता साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळाच्या आसपास, पण कुणी बघितल्याची पक्की नोंद नाही. आधी ऑप्टिकल, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशातलं आकाश लावा, डीएसएस नावाचं. काय दिसतं? जवळजवळ काही नाही, ताऱ्यांची गर्दी आणि दोनचार पुसट धागे, बस. आता आकाश बदलून एक्स-रेचं लावा, चंद्रा (नासाची अवकाशातली एक्स-रे दुर्बीण) किंवा एक्सएमएम-न्यूटनचं (तशीच युरोपची). अख्खा गोल कवच झळकतोय. मधल्या धुळीने दिसणारा प्रकाश खाल्लाय आणि एक्स-रे त्यातून बऱ्यापैकी निसटून आलेत, शिवाय तो गॅसच इतका तापलेला आहे की त्याचा मुख्य उजेड एक्स-रेमध्येच पडतो. हे एकदा आलटून पालटून बघितलं की दोन्ही दुर्बिणी कशाला लागतात हे कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची एनर्जी साधारण २ ते ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि चंद्रा ज्यांना पकडते ते फोटॉन काही शेकड्यांपासून १०,००० पर्यंत. एवढ्या एनर्जीचं काही बाहेर पडायचं तर गॅस लाखो-कोट्यवधी अंशांवर पाहिजे, किंवा मग ब्लॅक होल नाहीतर न्यूट्रॉन ताऱ्यासारखं काहीतरी शेजारी पाहिजे. आणि हे एक्स-रे आपल्या हवेत वरच अडतात, जमिनीवर कितीही मोठी दुर्बीण बांधा, उपयोग शून्य. म्हणून १८ जून १९६२ ला रिकार्डो जियाकोनी आणि मंडळींनी रॉकेटवर डिटेक्टर बसवून वर पाठवला, शोधायला निघाले होते चंद्रावरचे एक्स-रे, सापडला वृश्चिकेतला स्कॉर्पियस एक्स-१. जियाकोनींना त्या सगळ्या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं.

आरशाची भानगड पण समजून घ्या, कारण पुढे फोटोतले दोष त्यामुळेच कळतात. एक्स-रे नेहमीच्या आरशावर सरळ पडला तर आत घुसतो नाहीतर शोषला जातो, परत येतच नाही. पण अगदी तिरका, पृष्ठभागाला घासून गेला तर उडतो, तळ्यात चपटा दगड तिरका फेकून आपण भाकऱ्या काढतो ना तसाच. म्हणून चंद्राचे आरसे वाटीसारखे नाहीत, नळकांड्यासारखे आहेत, एकात एक बसवलेल्या ४ जोड्या, वरून इरिडियमचा थर. त्यातून अर्धा आर्कसेकंद (एका अंशाचे ३,६०० आर्कसेकंद) एवढं बारीक दिसतं, आणि १९९९ पासून आजवर एक्स-रेमध्ये त्याहून बारीक बघणारी दुर्बीण कुणी उडवलेली नाही. दुर्बिणीचं नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलंय हे बहुतेकांना माहीत असतं, ती पृथ्वीपासून सुमारे १,३९,००० किलोमीटरपर्यंत लांब जाणाऱ्या लांबट कक्षेत फिरते हे कमी जणांना. हबल उलट एकदम जवळ, ५०० किलोमीटरच्या आसपास, २.४ मीटरचा नेहमीसारखा वाटीचा आरसा.

आता फाइल.

कॅमेऱ्याचा फोटो म्हणजे प्रत्येक चौकोनात किती उजेड पडला त्याची बेरीज. हबलची फाइल तशीच असते. एक्स-रेचं तसं नाही, तिथे फोटॉन इतके कमी येतात की एकेक मोजता येतो, त्यामुळे चंद्राच्या फाइलमध्ये मुळात फोटो नसतोच, यादी असते. एका फोटॉनला एक ओळ, आणि त्या ओळीत तो कधी आला, कुठे पडला, किती एनर्जीचा होता. हिला इव्हेंट फाइल म्हणतात. म्हणजे एकाच फाइलमधून तुम्ही फोटो बनवू शकता, स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या एनर्जीचे किती फोटॉन आले ते, काढू शकता, वेळेनुसार उजेड कमी-जास्त झाला का ते बघू शकता. ऑप्टिकलवाल्यांना यासाठी वेगवेगळे फिल्टर लावून, वेगवेगळी उपकरणं वापरून परत परत बघावं लागतं. माझं सगळं म्हणणं इतकंच आहे की या यादीशी खेळा, फोटो हा तिच्यातून निघणारा फक्त एक प्रकार आहे.

डीएस९ नावाचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. दिसायला जुनाट आहे, त्यावर जाऊ नका, जगभरचे प्रोफेशनल लोक हेच वापरतात. मग चंद्राच्या डेटा आर्काइव्हचं सर्च पेज उघडा. तिथे प्रत्येक ऑब्झर्व्हेशनला एक नंबर असतो, त्याला ऑब्सआयडी म्हणतात, आपल्याला पाहिजे ११४. हे जानेवारी २००० मधलं कॅस ए आहे, सुमारे ५०,००० सेकंदांचं. डाउनलोड केलं की बरेच फोल्डर आणि अगम्य नावाच्या ढीगभर फाइली येतात, घाबरू नका, प्रायमरी नावाच्या फोल्डरमध्ये जी फाइल आहे आणि जिच्या नावात ईव्हीटी२ आहे तेवढीच सध्या कामाची. झिप सोडवायची पण गरज नाही, डीएस९ तशीच उघडतं.

उघडल्यावर बहुतेकांना काळा पडदा आणि मधे चारदोन ठिपके दिसतात आणि वाटतं फाइलच खराब आहे. फाइल बरोबर असते. स्केल मेन्यूत जाऊन लॉग करा, कलरमध्ये हीट किंवा बी घ्या, झूम टू फिट करा. माउसचं उजवं बटण दाबून ओढलं की ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलतो, दोन मिनिटं तेच करत बसा. लिनियर स्केलवर फक्त सगळ्यात झगझगीत गाठी दिसतात, लॉगवर बाहेरची पातळ कडा पण वर येते, आणि इथेच कळतं की फोटो खोटा नसला तरी फोटो दाखवणाऱ्याचं मत त्यात मिसळलेलं असतंच.

आता खरी गंमत. बिन मेन्यूत बिनिंग पॅरामीटर्स उघडा, खाली फिल्टरचा रकाना आहे. त्यात इंग्रजीत लहान लिपीत एनर्जी लिहा, बरोबरची खूण, मग १७५० कोलन १९५०, मधे स्पेस न सोडता, आणि अप्लाय. चंद्राच्या फाइलमध्ये एनर्जी इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये असते, म्हणून हजारातले आकडे. हा जो पट्टा आपण घेतला तो सिलिकॉनचा आहे, तापलेलं सिलिकॉन साधारण १,८५० वर चमकतं. तर आता स्क्रीनवर आहे तो मुख्यतः त्या मेलेल्या ताऱ्यातल्या सिलिकॉनचा नकाशा. मग नवीन फ्रेम उघडा, तीच फाइल परत लोड करा, आणि यावेळी ६४०० कोलन ६८०० टाका. हे लोखंड. फोटॉन खूप कमी असतील, ठिपके ठिपके दिसेल, ॲनालिसिसमध्ये स्मूद करून घ्या थोडं. दोन फ्रेम शेजारी शेजारी ठेवा आणि आग्नेयेकडे बघा, म्हणजे खाली डावीकडे, कारण आकाशाच्या फोटोत उत्तर वर ठेवली की पूर्व डावीकडे येते, जमिनीच्या नकाशाच्या उलट.

तिथे लोखंड सिलिकॉनच्या बाहेर आहे. हे उलटं आहे! ताऱ्यात लोखंड सगळ्यात आत, गाभ्याशी तयार होतं आणि सिलिकॉन त्याच्या बाहेरच्या थरात, म्हणजे स्फोटात कुठेतरी आतलं बाहेर उसळलंय. चंद्राच्या डेटातून हे २००० साली दाखवलं गेलं, आणि तुम्ही आत्ता तेच तुमच्या लॅपटॉपवर बघताय, फार काही न करता, एका रकान्यात दोन आकडे टाकून.

तिसरा पट्टा घ्या ४००० कोलन ६०००. या भागात मोठ्या रेषा, म्हणजे सिलिकॉन-लोखंडासारख्या एकेका मूलद्रव्याच्या ठराविक एनर्जीच्या चमका, जवळजवळ नाहीत, त्यामुळे गाठी फिक्या पडतात आणि बाहेरच्या कडेने एक बारीक तार दिसायला लागते. तो तापलेल्या गॅसचा उजेड नाही, शॉकमध्ये, म्हणजे स्फोटाच्या धक्क्याच्या लाटेत, जबरदस्त वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळताना टाकतात तो सिंक्रोट्रॉन उजेड आहे. आणि जवळजवळ मधोमध एक एकटा ठिपका बघायला विसरू नका, स्फोटानंतर उरलेला न्यूट्रॉन तारा बहुतेक. चंद्राने १९९९ मध्ये सुरुवातीच्या फोटोतच तो पकडला, त्याआधी कुणाला सापडला नव्हता.

रंगीत फोटो करायचा असेल तर फ्रेममध्ये न्यू आरजीबी आहे. लालमध्ये ५०० ते १२००, हिरव्यात १२०० ते २०००, निळ्यात २००० ते ७०००, हे नेहमीचे पट्टे. पण तुम्ही सिलिकॉन, लोखंड आणि ती बारीक कडा असे तीन रंग देऊन बघा, मला तरी तो फोटो ऑफिशियलपेक्षा जास्त बोलका वाटतो.

स्पेक्ट्रमसाठी दोन रस्ते. नीट रस्ता म्हणजे सियाओ, चंद्राचं स्वतःचं सॉफ्टवेअर, त्यात स्पेक्ट्रम काढायला स्पेकएक्स्ट्रॅक्ट आणि पुढे त्यावर मॉडेल बसवायला शेर्पा. हे लिनक्स किंवा मॅकवर चालतं, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्यायचं, कोंडा नावाच्या फुकट इन्स्टॉलरने इन्स्टॉल होतं. दुसरा कच्चा रस्ता पायथनवाल्यांसाठी, ॲस्ट्रोपाय नावाच्या पायथन लायब्ररीने इव्हेंटचा टेबल वाचा, एका गाठीभोवतीचे फोटॉन निवडा, एनर्जीच्या कॉलमचा हिस्टोग्राम काढा, झालं. दहाबारा ओळींचा कोड. त्यात १.८५ हजारला सिलिकॉनचा सुळका, २.४५ ला गंधक, पुढे ३.१ च्या आसपास आर्गॉन, ३.९ ला कॅल्शियम, आणि लांब ६.६ ला लोखंड, स्वच्छ उभे दिसतात. मी म्हणेन आधी कच्चाच रस्ता घ्या. मॉडेल फिट करणं वगैरे नंतर, कारण एक्सस्पेक (मॉडेल बसवायचं दुसरं सॉफ्टवेअर) किंवा शेर्पाला तुम्ही कुठलंही मॉडेल द्या, ते काहीतरी फिट करून देतंच आणि टेंपरेचरचा आकडा पण देतं, आणि नवीन माणूस तो आकडा पाठ करून बसतो. डिटेक्टर सगळ्या एनर्जीला सारखा संवेदनशील नसतो, त्यामुळे हिस्टोग्रामची उंची बघून "सिलिकॉन लोखंडाच्या इतकं पट आहे" असं मात्र म्हणू नका, त्यासाठी आरएमएफ आणि एआरएफ या दोन फाइली लागतात ज्या तो हिशोब करतात.

हबल आता. मास्ट नावाचं पोर्टल आहे, अमेरिकेतल्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटचं, तिथे कॅस ए टाका, मिशनमध्ये एचएसटी (म्हणजे हबल), इन्स्ट्रुमेंटमध्ये एसीएस (हबलचा एक कॅमेरा) निवडा. यादीतून नावाच्या शेवटी डीआरझेड किंवा डीआरसी असलेल्या फाइल घ्या. कच्च्या फाइल घेतल्यात तर त्यात कॉस्मिक किरणांच्या रेघोट्या भरलेल्या असतात आणि त्यांना तुम्ही तारे समजाल. डीएस९ मध्ये एका फ्रेममध्ये चंद्रा, एका फ्रेममध्ये हबल, मग फ्रेम मेन्यूतून मॅच, फ्रेम, डब्ल्यूसीएस. दोन्ही आकाशाच्या एकाच जागेवर येतात. चंद्राच्या फ्रेमवर कंटूर (सारख्या उजेडाच्या जागा जोडणाऱ्या रेषा) काढा, कॉपी करून हबलच्या फ्रेमवर पेस्ट करा. आता दिसेल की हबलचे बारीक धागे आणि एक्स-रेचा गॅस काही ठिकाणी सोबत आहेत आणि बऱ्याच ठिकाणी नाहीत. धागे तुलनेने थंड, दहा-वीस-तीस हजार अंशांचे, घट्ट गाठी. एक्स-रेचा गॅस कोट्यवधी अंशांचा आणि विरळ. एकाच स्फोटातलं सामान, पण वेगवेगळ्या अवस्थेतलं.

इथे एक खाच आहे. हबलचे कॅस ए चे गाजलेले फोटो २००४ चे, आणि आपली एक्स-रे फाइल २००० ची. हा कचरा सेकंदाला ५,००० किलोमीटरच्या आसपास पळतोय, ११,००० प्रकाशवर्षांवरून ते वर्षाला ०.३ आर्कसेकंद पडतं, चार वर्षांत सव्वा आर्कसेकंद, म्हणजे हबलला अगदी सहज दिसेल इतकं. तेव्हा गाठीवर गाठ बसत नाही म्हणून डोकं धरू नका, ती खरोखरच पुढे गेलीय. चंद्राने २००४ मध्ये कॅस ए कडे एकूण दहा लाख सेकंद बघितलंय, जुळवायचं असेल तर त्यातलं एखादं घ्या.

आणि हीच खाच उलटी वापरता येते. २००० ची फाइल आणि २०१५ नंतरची एखादी, त्याच एसीआयएस-एस कॅमेऱ्याची, दोन फ्रेममध्ये मॅच करून ब्लिंक करा, म्हणजे दोन्ही आलटून पालटून दाखवायला लावा. अख्खा अवशेष फुगताना दिसतो. बाहेरच्या कडेवर एक ठळक जागा धरा, रूलरने अंतर मोजा, वर्षांनी भागा, वेग काढा. शाळेतल्या मुलांबरोबर करायला याच्याइतका चांगला प्रोजेक्ट मला दुसरा माहीत नाही, त्रैराशिकापलीकडे गणित नाही आणि उत्तर खरं येतं. फक्त ब्लिंक करताना तुम्हाला असंही दिसेल की नवीन फाइलमध्ये कमी एनर्जीचा भाग फिका पडलाय, त्यावरून कॅस ए विझतोय असा निष्कर्ष काढू नका. चंद्राच्या डिटेक्टरसमोरच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं एक थर साचत गेलाय आणि तो मऊ एक्स-रे खातो. दोष दुर्बिणीचा, ताऱ्याचा नाही.

असे सापळे बरेच आहेत, थोडे सांगून ठेवतो. फोटोच्या मधोमध ठिपका बारीक असतो आणि कडेकडे जाताना लांबट, फुगीर होतो, ते सगळं त्या तिरक्या आरशांमुळे, तेव्हा कडेचा पसरट ठिपका म्हणजे गॅलेक्सी सापडली असं नाही. चौकोनी सरळ काळ्या रेघा दिसल्या तर त्या चिपांमधल्या फटी. फार झगझगीत वस्तूच्या मधे खड्डा दिसला तर पाइल-अप, म्हणजे दोन फोटॉन एकदम येऊन पडले आणि यंत्राने त्यांना एकच जास्त एनर्जीचा फोटॉन समजलं. आणि मोजणी छोटी असेल तर हुरळून जायचं नाही: १०० फोटॉन असतील तर सरळ वर्गमूळ काढा, १० इकडे तिकडे होणारच, ९ असतील तर ३. नऊचे बारा झाले म्हणून "उजेड ३३ टक्के वाढला" म्हणणारे लोक मी बघितलेत. शेजारच्या रिकाम्या आकाशात तेवढ्याच आकाराचं वर्तुळ काढून तिथले फोटॉन वजा करायचे हे तर कायमचंच.

रंगांवरून, फोटोंवरून आधी जे म्हटलं त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण व्याध आहे. हिवाळ्यात मृगाच्या मागोमाग उगवतो तो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा, आणि त्याला एक बारीकसा जोडीदार आहे, व्याध बी, श्वेत बटू (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, घट्ट गाभा), जो साध्या दुर्बिणीतून बघणं म्हणजे नशिबाचा खेळ. चंद्राच्या फोटोत नेमकं उलटं, झळकतो तो बटू, त्याचं टेंपरेचर २५,००० अंशांच्या घरात, आणि मोठा व्याध शेजारी फिका ठिपका. वर आणखी म्हणजे तो फिका ठिपका पण कदाचित एक्स-रेचा नसून फिल्टरमधून गळलेल्या अल्ट्राव्हायोलेटचा असावा असं चंद्राच्या लोकांनीच लिहून ठेवलंय. आणि बटूभोवती ज्या सुंदर रेघा दिसतात त्या दुर्बिणीतल्या ग्रेटिंगच्या, म्हणजे एक्स-रे एनर्जीनुसार पसरवणाऱ्या जाळीच्या. म्हणजे एका फोटोत तीन गोष्टी, त्यातली एकच नक्की ताऱ्याची.

गॅलेक्सीसाठी एम५१ नावाची सर्पिल गॅलेक्सी घ्या, सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाला मरीची आहे ना, त्याच्या जवळ. हबलचा २००५ चा मोठा मोझेक मास्टवर हेरिटेजमध्ये आहे, चार फिल्टरचा, त्यातला एफ६५८एन हा हायड्रोजनचा, नवीन तारे जिथे जन्मतायत ते ठिपके त्यात उठून दिसतात. चंद्राचा ऑब्सआयडी १३८१४ घ्या, सप्टेंबर २०१२ चं आहे, सलग दोन दिवसांहून जास्त. कॅस ए सारखं भरगच्च काही दिसणार नाही, मधे उजळ केंद्र, हातांच्या बाजूने पुसट गॅस, आणि विखुरलेले ठिपके. त्या ठिपक्यांमधले बरेचसे म्हणजे न्यूट्रॉन तारा किंवा ब्लॅक होल, जो शेजारच्या ताऱ्याचा गॅस ओढून घेतोय. काही ठिपके मात्र एम५१ चे नसतातच, लांबचे क्वेसार (दूरच्या गॅलेक्सींची झगझगीत केंद्रं) नुसते मागे उभे असतात. म्हणून प्रत्येक ठिपका हबलवर टाकून खाली काय आहे ते बघायचं: तरुण ताऱ्यांचा झुबका असेल तर जड ताऱ्याची जोडी असण्याची शक्यता जास्त.

ही फाइल मी मुद्दाम सांगितली. ती घेतली २०१२ मध्ये, आणि २०२१ मध्ये रोझॅन डी स्टेफानो आणि सहकाऱ्यांनी तिच्यातच एक गोष्ट दाखवली, एम५१-युएलएस-१ नावाच्या ठिपक्याचा एक्स-रे उजेड साधारण तीन तासांसाठी खाली गेला, पार शून्याजवळ, आणि परत वर आला. त्यांचं म्हणणं, समोरून शनीएवढं काहीतरी गेलं, कदाचित दुसऱ्या गॅलेक्सीतला ग्रह. पक्कं झालेलं नाही, आणि लवकर होणारही नाही, कारण त्यांच्याच हिशोबाने परत आडवं यायला ७० एक वर्षं लागतील. पण तुम्ही ते स्वतः बघू शकता. त्या ठिपक्याची जागा त्यांच्या पेपरमध्ये आहे, पेपरची फुकट प्रत नेटवर मिळते. त्याभोवती छोटं वर्तुळ, आतले फोटॉन, टाइमच्या कॉलमचा हिस्टोग्राम. चंद्राची वेळ १ जानेवारी १९९८ पासूनच्या सेकंदांत असते, पहिल्या फोटॉनची वेळ वजा करून टाका म्हणजे आकडे वाचता येतील. अर्ध्या तासाचे गठ्ठे करा, त्याहून बारीक केलंत तर एकेका गठ्ठ्यात इतके कमी फोटॉन येतील की जिथे तिथे खड्डे दिसतील. मग मऊ (कमी एनर्जीचे) आणि कडक (जास्त एनर्जीचे) फोटॉन वेगळे काढून तोच खड्डा परत बघा. धुळीचा ढग आडवा आला असता तर मऊ फोटॉन आधी आणि जास्त गेले असते, ठोस काही आलं तर सगळे एकदम जातात, आणि ग्रहाच्या बाजूने त्यांचा एक मोठा मुद्दा हाच होता.

हे जमलं की मग ॲस्ट्रोसॅटकडे, म्हणजे इस्रोच्या दुर्बिणींच्या उपग्रहाकडे या, आधी नको. लोकांना वाटतं आपलं आहे तर आपल्यापासून सुरुवात करू, भावना बरोबर आहे, पण चंद्राची मदत-पानं, उदाहरणं खूप तयार आहेत आणि ॲस्ट्रोसॅटला सुरुवातीला जरा झगडावं लागतं. २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून गेला, ६५० किलोमीटरवर, विषुववृत्ताला ६ अंशांची कक्षा. त्याची खरी ताकद अशी की अल्ट्राव्हायोलेट, मऊ एक्स-रे, कडक एक्स-रे सगळी उपकरणं एकाच वेळी एकाच जागेकडे बघतात. ब्लॅक होलची जोडी दर तासाला रूप बदलत असेल तर चंद्राने सोमवारी आणि हबलने गुरुवारी बघून काय उपयोग? मऊ एक्स-रेचा एसएक्सटी आणि कडक एक्स-रेचा एलएएक्सपीसी मुंबईच्या टीआयएफआर या संस्थेचे, त्याहून कडक एक्स-रेचा सीझेडटीआय त्यांनी पुण्याच्या आयुका या संस्था वगैरेंबरोबर केलेला, अल्ट्राव्हायोलेटचा यूव्हीआयटी मुख्यतः बंगळुरूच्या आयआयए या संस्थेचा, त्यातही आयुका आहेच. एलएएक्सपीसी फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतो, चंद्राचा कॅमेरा पूर्ण फ्रेमला ३.२ सेकंद घेतो, एवढा फरक. उलट एसएक्सटीची नजर साधारण २ आर्कमिनिटांची, म्हणजे १२० आर्कसेकंदांची, त्यामुळे त्यात कॅस ए ची लोखंड-सिलिकॉन भानगड शोधायला जाऊ नका, अख्खा अवशेष तिथे एक गोळा दिसतो. ज्याचं काम त्याने करावं.

डेटा मिळतो इस्रोच्या आयएसएसडीसी या डेटा केंद्राच्या ॲस्ट्रोब्राउज पोर्टलवर, रजिस्ट्रेशन करावं लागतं. लेव्हल-२ (साफ केलेला डेटा) घ्या, लेव्हल-१ ला (कच्च्या डेटाला) हात लावू नका. सुरुवात यूव्हीआयटीपासून करा कारण त्याचे फोटो डीएस९ मध्ये थेट उघडतात, ३७ सेंटिमीटरच्या आरशाला दीड आर्कसेकंदाच्या आसपास दिसतं आणि एका फ्रेममध्ये २८ आर्कमिनिटांचं आकाश मावतं, जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढं, हबलला एवढ्या जागेसाठी ढीगभर फ्रेम जोडाव्या लागतात. याच उपकरणाने २०१६ मध्ये २८ तासांहून जास्त टक लावून घेतलेल्या डेटातून आयुकाच्या कनक साहा यांच्या टीमने २०२० मध्ये ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एयूडीएफएस०१ गॅलेक्सीचा अतिअल्ट्राव्हायोलेट उजेड पकडला, आणि तो भाग हबलने आधी पिंजून काढलेलाच होता. आरसा हबलच्या सहाव्या भागाएवढा रुंद, पण यूव्हीआयटी फोटॉन एकेक मोजतो आणि त्याच्या डिटेक्टरचा स्वतःचा गोंगाट फार कमी, म्हणून इतका मंद उजेड त्यात वर आला.

शोधताना एवढंच लक्षात ठेवा की यूव्हीआयटीचा एनयूव्ही (दिसणाऱ्या प्रकाशाजवळच्या अल्ट्राव्हायोलेटचा) चॅनल २०१८ मध्ये बंद पडला, त्यामुळे दोन्ही रंग पाहिजे असतील तर त्याआधीची ऑब्झर्व्हेशन्स निवडा, नंतरच्यात फक्त एफयूव्ही (लांबचा अल्ट्राव्हायोलेट) मिळेल. एखादं ऑब्झर्व्हेशन यादीत दिसतंय पण उतरत नाही असं झालं तर बहुतेक ते अजून ज्यांनी मागितलं त्यांच्या राखीव मुदतीत असतं, चंद्रालाही अशी मुदत असते, तारीख बघून ठेवा आणि नंतर परत या. आणि एसएक्सटीचा स्पेक्ट्रम काढायचा झाला तर हीसॉफ्ट (नासाचं एक्स-रे डेटाचं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल करायला एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवा, शक्यतो चांगल्या नेटवर.